माझ्या गाडीला लावलेला हूक

आर्वीहून वर्ध्याला मी रोज नोकरीसाठी जाते. बरीच वर्षं एसटीनं जात होते, मग गाडी घेतली. लहानशीच सेडान, गडद निळी. बाहेरून पाहिली तर कुणाच्याही दारात उभी असते तशी, पण इंजिन टर्बोचं. कंपनीनं मुद्दाम जास्त ताकदीचं काढलेलं मॉडेल. शोरूममधल्या माणसानं मला दोनदा विचारलं होतं, "मॅडम, साधं मॉडेल नको का? त्याचं ॲव्हरेज चांगलं आहे." मी म्हटलं, हेच पाहिजे. का पाहिजे ते त्याला सांगता आलं नसतं. एका सहकारी बाईंची तसलीच गाडी मी एकदा नागपूरहून चालवत आणली होती आणि तो दिवस डोक्यातून जात नव्हता, एवढंच.

खरांगण्याच्या बाजूला सागाच्या जंगलातून रस्ता वळणं घेत चढतो. तिथं गिअर खाली घेऊन पाय दाबला की गाडी उसळी मारायची आणि पाठ सीटला चिकटायची. सकाळी रस्ता मोकळा असे. घरून निघताना आत्याबाईंचं, म्हणजे माझ्या सासूबाईंचं, काही ना काही सांगणं असे; ऑफिसात पोचले की फायली असत. त्या चढावर मला कुणी काही मागत नसे.

आमच्या घरी तेलाचा लाकडी घाणा आहे. ह्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, खाजगी शाळेतली नोकरी सोडून तो सुरू केला. पुढच्या खोलीत दुकान. शेंगदाणा, जवस, करडई. ह्यांच्याजवळ छोटा टेम्पो होता. तो घेऊन हे आठवडी बाजार करायचे आणि माणसांत रमायचे. जवसाचं तेल लोकांना चमच्यानं चाखायला द्यायचे, त्याच्याबरोबर गोष्टी सांगायचे. शाळेच्या नोकरीत कधी दिसले नाहीत इतके खूश मी ह्यांना त्या दिवसांत पाहिले.

मग एकदा भर बाजारात, तेल मोजून देता देता, हे कोसळले. फिट आली होती. आयुष्यातली पहिलीच. लोकांनी गराडा घातला. कुणी नाकाशी जोडा धरला, कुणी मोबाइल काढून शूटिंग केलं. शुद्धीवर आले तेव्हा चेहरा तेलानं आणि मातीनं माखलेला होता आणि पँट ओली झाली होती. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही अंधारात, भिंतीकडं तोंड करून. पुन्हा त्या विषयावर बोलले नाहीत.

वर्ध्याच्या डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या आणि गाडी चालवायची नाही म्हणून बजावलं. एक ड्रायव्हर ठेवून पाहिला. पण ह्यांनी त्याला आजाराचं काही सांगितलं नव्हतं, आणि आपण त्याच्यासमोर पडलो तर काय, ह्या धास्तीनं दिवसभर ताठ बसून घरी यायचे. घामानं शर्ट पाठीला चिकटलेला असे. शेवटी बाजार बंद केले आणि टेम्पो देऊन टाकला. मग दुकानाच्या गादीवर बसून राहणं सुरू झालं. आमची गल्ली आतली, गिऱ्हाईक तुरळक. मी सकाळी निघताना जसे बसलेले दिसत तसेच संध्याकाळी परत आल्यावर दिसत. आत्याबाई म्हणत, "घरी हाये, डोळ्यासमोर हाये, बस झालं." मला ते बस झालं असं वाटत नव्हतं. पण काय करावं हेही सुचत नव्हतं.

एका संध्याकाळी मी गाडी लावून आत आले तर हे मोबाइल घेऊन वाट पाहत उभे. व्हिडिओत कुठल्याशा देशात एक कार मागं छोटी ट्रॉली ओढत चालली होती.

"तुह्या गाडीले असा हूक लावता येते," हे म्हणाले. "ट्रॉलीवर घाणा बसवला तं बाजारातच तेल काढून देता येईन. लोकायच्या डोळ्यासमोर."

"माझ्या गाडीला?"

"इंजिन दमदार हाये नं तिचं. एकट्या बाईले ऑफिसात नेऊन सोडाले एवढा जोर कशाले पाह्यजे?"

हे चेष्टेत म्हणाले, पण मला ते लागलं. मी म्हटलं, "त्यापेक्षा पुन्हा टेम्पो पाहू. चांगला ड्रायव्हर पाहू. आधीच सगळं सांगून ठेवू त्याला."

ह्यांचा चेहरा पडला. "परक्या माणसाजवळ मले फिट आली तं? तू बाजूले असली का मले भेव नाई वाटत."

भांडण असतं तर भांडले असते. पण नवरा इतक्या विश्वासानं सांगत होता की तुझ्याशिवाय मी घराबाहेर पडू शकत नाही. त्यावर नाही म्हणायला जागाच सापडेना. मी हात-पाय धुवायला गेले आणि तेवढ्यात घरात ठरूनही गेलं. बाहेर आले तर आत्याबाई म्हणत होत्या, "रविवारी तिले सुट्टीच राह्यते."

हूक लावला तर विमा चालेल का, म्हणून मी विम्याच्या एजंटला फोन केला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मॅडम, तुम्ही मले हे सांगतलंच नाई असं समजा." ट्रॉलीच्या कागदांसाठी मात्र ह्यांनी स्वतः वर्ध्याच्या चकरा मारल्या, माझ्याच गाडीत माझ्या शेजारी बसून. जाता-येता उत्साहानं बोलत राहायचे. खरांगण्याचा चढ मी हळू चढवायची, कारण जोरात घेतली की ह्यांना गरगरायचं.

हूक लावायला आम्ही आर्वीच्या बाहेर, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवतात त्या वर्कशॉपात गेलो. तिथला मिस्त्री पन्नाशीचा, कानाला बिडी लावलेला. तो गाडीभोवती फिरला, खाली वाकून बुडाशी पाहिलं आणि उठून हात झटकले.

"भाऊ, ट्रॅक्टरले म्हना, आत्ता लावून देतो. इले चेसिसच नाई. हूक बांधू कायले?"

हे हटले नाहीत. नागपूरहून आणलेला हूक त्यांनी पोत्यातून काढला. एक जाड लोखंडी पट्टी आणि तिच्या टोकाला गुळगुळीत गोळा, ज्यावर ट्रॉलीची दांडी बसते. मोबाइलवरची चित्रं दाखवली. दोघं बराच वेळ उकिडवे बसून बोलत राहिले. मी एका उलट्या टायरवर बसले होते. शेवटी मिस्त्री म्हणाला, "बंपर उतरवून पाहू. आत काई सापडलं तं सापडलं."

बंपर उतरवला. मी माझी गाडी मागून अशी कधी पाहिली नव्हती. नुसता पत्रा, वायरी, धुळीचे थर आणि आडवा एक लोखंडी गज. ते बघून मला उगीचच अवघडल्यासारखं झालं. मग डिकी रिकामी केली. माझी छत्री, जुने बूट, एक चटई, पाण्याची कॅन, दिवाळीपासून राहिलेली एक पिशवी. सगळं बाहेर मातीवर मांडलं गेलं. तळातलं जादा चाक काढलं. डिकीच्या तळाशी दोन्ही बाजूंनी जाड पत्र्याच्या पेट्यांसारखे भाग पुढं गेलेले होते. मिस्त्रीनं तिथं हातोडीनं ठोकून आवाज ऐकला, मान हलवली. इथं प्लेट टाकून बोल्ट आरपार घेता येतील, म्हणाला.

खडूनं खुणा करून त्यानं ड्रिल हातात घेतलं आणि ह्यांच्याकडं नाही, माझ्याकडं पाहिलं.

"गाडी मॅडमच्या नावानं हाये म्हनते. भोक पाडू का जी?"

हे माझ्याकडं पाहत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर इतक्या दिवसांनी काहीतरी उजळलं होतं. मला वाटलं, आत्ता नाही म्हणावं, गाडीत बसावं आणि निघून जावं. पण गाडीचा बंपर बाजूला पडला होता, चाक मातीत होतं, छत्री-चटई जमिनीवर होती. निघून जायलाही आधी सगळं परत लावून घ्यावं लागलं असतं, ह्यांच्याच देखत.

"पाडा," मी म्हटलं.

काम दिवसभर चाललं. सायलेन्सर हुकाच्या आड येत होता, तो थोडा वाकवून बाजूला घेतला. बंपरचा खालचा भाग कापून खाच केली. मागची बाजू फार खाली बसते म्हणून स्प्रिंगखाली रबर घातले. ट्रॉलीचे दिवे लागावेत म्हणून मागच्या लाइटच्या वायरींतून जोड काढला, तर समोर डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा लागला तो लागलाच. मिस्त्री म्हणाला, "त्यानं काई होत नाई." संध्याकाळी गाडी खाली उतरवली. मागून तो गोळा बाहेर डोकावत होता. त्याला वंगण लावून वर प्लॅस्टिकचा डबा पालथा घातला होता. सोमवारी ऑफिसच्या पार्किंगमध्ये वळताना माझी नडगी त्याच्यावर आपटली. मग वरचेवर आपटत राहिली. वाकवलेल्या सायलेन्सरमुळं गाडीचा आवाजही फाटका झाला होता.

मग रविवार सुरू झाले. मागं ट्रॉलीवर घाणा, मोटर, लहान जनरेटर, तेलाचे डबे आणि बियाण्याची पोती. इंजिनाला ते ओझं जड नव्हतं, ते मुकाट्यानं ओढायचं. पण ब्रेक दाबला की ट्रॉली मागून ढुशी द्यायची. वळण घ्यायचं तर आधी मागच्या चाकांचा विचार. आणि रिव्हर्स मला कधी जमलाच नाही. स्टिअरिंग डावीकडं वळवलं की ट्रॉली उजवीकडं जायची, सुधारायला गेलं की मुडपून उभी राहायची. त्यात गाडीच्या मागच्या सेन्सरला ट्रॉली म्हणजे अडथळाच वाटे. रिव्हर्स टाकला की एकसारखी शिटी वाजत राही. मी जिथून सरळ पुढं निघता येईल तिथंच गाडी लावायची. बाजाराला जागा धरायची म्हणून आम्ही भल्या पहाटे निघायचो आणि सगळा बाजार उठेपर्यंत थांबायचो, कारण मधून निघायची सोयच नसे.

हे मात्र फुलले. घाणा फिरायला लागला की माणसं थांबत. ह्यांचा आवाज चढे. "ह्या जवसाचा वास घेऊन पाहा जी, मंग बोला." म्हाताऱ्या बाया बसून आपल्या माहेरच्या घाण्याच्या गोष्टी सांगत. मी गाडीत काच थोडी खाली करून बसलेली असे. मध्येच हे मान वळवून मी आहे ना ते बघून घेत. मी दिसले की पुन्हा गिऱ्हाइकाकडं वळत. दर थोड्या वेळानं. कधी मी चहा प्यायला म्हणून दूर गेले तर परत आल्यावर ह्यांचा चेहरा उतरलेला दिसे. पुढं पुढं मी चहालाही जाईनाशी झाले.

थंडीच्या दिवसांत पवनारजवळ शेतमालाचं एक प्रदर्शन होतं. तेल चांगलं खपलं. दुपार कलताना आम्ही निघालो तर वर्ध्याच्या रस्त्यावर ट्रकची रांग. पुढं काहीतरी उलटलं होतं म्हणे. बराच वेळ एका जागी उभे होतो. ह्यांचा मामेभाऊ पूर्वी त्या भागात शेती करायचा.

"इथून एक पांदण जाते," हे म्हणाले. "नदीच्या बाजूनं. पुढं डांबरी रोडले लागते. मी गेलतो तिथून टेम्पो घेऊन."

"टेम्पो वेगळा. मला मागे घेता येत नाही."

"मागे कायले घ्याचं? सिद्धं तं जाची हाये."

पांदण म्हणजे शेतांमधून जाणारी गाडीवाट. दोन्ही बाजूंना मातीचे उंच बांध आणि बांधांवर रायमुनियाची काटेरी झुडपं. आत शिरलो तेव्हा रुंद होती. पुढं पुढं झुडपांच्या फांद्या दोन्ही काचांना घासायला लागल्या. गाडीचं बूड मधल्या उंचवट्याला लागत होतं. मी पहिल्या गिअरमध्ये, हात आखडून, चालवत होते. एका वळणावर समोरून ट्रॅक्टर आला. मागं ट्रॉलीत सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीचा भुसा, गच्च भरलेलं, वर कापूस वेचून परतणाऱ्या बाया बसलेल्या.

दोघंही थांबलो. ट्रॅक्टरवाल्यानं हात हलवून मागं घ्या म्हणून खुणावलं. त्याच्या मागं चढ होता आणि ओझं भरलेलं. त्याचं बरोबर होतं. मघाशी डाव्या हाताला एका शेतात चढणारी वाट मी पाहिली होती, अगदीच लांब नव्हती. मी रिव्हर्स टाकला. शिटी सुरू झाली. ट्रॉली थोडी सरळ गेली, मग तिरकी झाली. पुढं घेऊन पुन्हा केलं. आता तिचा कोपरा बांधात रुतला आणि गाडीही त्याबरोबर तिरपी होऊन अडकली. पुढं ट्रॅक्टर, मागं ट्रॉली. माझं दार उघडून पाहिलं, ते टीचभर उघडून मातीला टेकलं. ह्यांच्या बाजूला तर झुडपं काचेला चिकटलेली. शिटी वाजतच होती. मी इंजिन बंद केलं.

"थांब, मी सांगतो तसं कर," हे म्हणाले. मग म्हणाले, "मले कसंतरीच..." आणि वाक्य अर्धं राहिलं. मान एका बाजूला वळली, हात वर आखडले, आणि अंग झटके द्यायला लागलं.

घरी एकदा मी ह्यांची फिट पाहिली होती. तेव्हा जमीन होती, जागा होती. इथं पट्ट्यात अडकलेलं अंग दारावर आपटत होतं. मी पट्टा सोडला, सीटची पाठ मागं पाडली, ह्यांना माझ्या बाजूला वळवलं. डोकं दारावर आपटू नये म्हणून ओढणीची घडी मध्ये धरली. तोंडातून फेस येत होता, तो पुसत राहिले. घड्याळाकडं पाहत होते, पण काटे कुठं आहेत ते काही केल्या कळत नव्हतं. एकच विचार येत होता, फिट थांबलीच नाही तर ह्यांना इथून बाहेर काढायला रस्ताच नाही. जगातल्या कुठल्याही दवाखान्यापर्यंत धावेल अशी गाडी बुडाखाली होती आणि ती हातभरही हलत नव्हती.

ट्रॅक्टरवाला उतरून बॉनेटपाशी आला. मागून बाया आल्या. काचेतून सगळे आत बघत होते.

"मिरगी हाये," एक जण म्हणाली. "चप्पल हुंगवा."

मी काच खाली केली. "चप्पल नको. तोंडातही काही घालायचं नाही. आपोआप थांबते."

माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. चप्पल काढलेली बाई थबकली. तेवढ्यात एक वयस्क बाई, डोक्याला रुमाल बांधलेली, तिला बाजूला करत पुढं आली. "बाई बराबर सांगून राह्यली. माह्या दिराले येते. गर्दी नोका करू, वारा लागू द्या." तिनं सगळ्यांना मागं नेलं, आणि स्वतः गाडीकडं पाठ करून, आड उभी राहिली. मी पाहत होते ती तिची पाठ आणि तिच्या लुगड्याला लागलेला कापूस.

झटके हळूहळू कमी झाले. श्वास घरघरत चालू लागला. मग हे डोळे उघडून टपाकडं बघत राहिले.

भानावर यायला वेळ लागला. काचेबाहेर माणसं दिसली तेव्हा हे खाली सरकले, हातानं चेहरा झाकला. त्या बाईनं वळून पाहिलं. "उठला का जी भाऊ? बरं झालं. पानी पेता का?" मग माझ्याकडं बघून, "माहा दीर तं उठला का पयले जेवाले मांगते."

ह्यांनी चेहऱ्यावरून हात काढला. पाणी मागितलं.

पुढचं काम ट्रॅक्टरवाल्यानं आणि बायांनी केलं. मी खिडकीतून बाहेर पडले. दांडी गोळ्यावर ताणली जाऊन घट्ट बसली होती, सुटेना. ट्रॅक्टरवाल्यानं पहार आणून रेटली तेव्हा ती खट्टकन निघाली. बायांनी डबे, पोती उतरवून बांधावर ठेवली. जनरेटर उतरवला. मग सगळ्यांनी मिळून ट्रॉली मागं ढकलत नेली आणि त्या शेताच्या वाटेवर चढवली. मग मी नुसती गाडी मागं घेत त्याच वाटेवर चढवली, ती सरळ गेली. ट्रॅक्टर निघाला. बाया पुन्हा कुटारावर चढून बसल्या आणि त्यांच्या बोलण्यात लगेच आणखी कुणाचा तरी विषय निघाला.

सामानासकट ट्रॉली तिथंच ठेवली. ट्रॅक्टरवाला म्हणाला, "माह्या शेजाऱ्याचंच वावर हाये. राहू द्या, मी पाह्यतो." ह्यांनी त्याचा नंबर घेतला. दवाखान्यात दाखवून आम्ही आर्वीला परत निघालो. हे झोपले होते. खरांगण्यापुढं रस्ता मोकळा होता, मागं ओझं नव्हतं. मी पाय दाबला नाही. पण मनाशी ठरवून टाकलं होतं की आता हे संपलं. ह्यांची सगळ्यात मोठी भीती खरी झाली होती, आता हे कुठं जायचं नाव काढणार नाहीत. मला सुटल्यासारखं वाटत होतं, आणि तसं वाटतंय म्हणून शेजारी पाहवत नव्हतं.

चार दिवस हे पडून होते. पाचव्या दिवशी जेवता जेवता म्हणाले, "रविवारी ट्रॉली आणाले जाऊ. तिथूनच बाजार करू."

मी घास हातातच धरला. "अजून अंग दुखतंय तुमचं."

"अंग दुखू दे. डोकं हलकं झालं. लोकायनं पाह्यलं, काईच झालं नाई. त्या बाईनं, दीर उठला का जेवाले मांगते, एवढं म्हनलं फक्त." हे हसले. "आता मले कायचंच भेव नाई."

आत्याबाई भाजी वाढत होत्या. मी म्हटलं, "मग मी कशाला पाहिजे?"

हे गोंधळले. "म्हंजे?"

"भीती होती म्हणून मी येत होते. आता नाही ना भीती? मग मी नाही येणार. मला रविवार पाहिजे."

"काऊन? तुले कंटाळा येते?"

"हो."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

आत्याबाई भाजीचं पातेलं घेऊन उभ्याच होत्या. हे ताटात पाहत म्हणाले, "मले वाटे तुले आवडते. गाडीत बसून पाह्यत राह्यची माह्याकडं." मग उठून हात धुतले. त्या आठवड्यात आम्ही कामापुरतंच बोललो. मी बोलले ते खोटं नव्हतं, पण ह्यांचा तो चेहरा बघून ते परत घ्यावं असं दिवसातून कितीदा वाटायचं.

ह्यांनी ट्रॅक्टरवाल्याला फोन केला. त्याचा मेव्हणा टेम्पो चालवत होता. तोच घाणा आणि सामान घेऊन आमच्या दारात आला. त्याला पांदणीतली सगळी हकीकत आधीच कळलेली होती, त्यामुळं लपवायचं काही उरलं नव्हतं. उतरताना त्यानं ह्यांनाच विचारलं, "भाऊ, तुमाले आली तं काय कराचं, ते एकडाव सांगून ठेवजा." हे त्याला ओसरीवर बसवून समजावून सांगत होते, कुशीवर कसं वळवायचं ते हातवारे करून दाखवत होते. पुढच्या रविवारी दोघं मिळून बाजाराला गेले. तेव्हापासून जातात.

माझ्या गाडीचा हूक अजून तसाच आहे. काढून टाकायला मिस्त्री तयार आहे, पण पत्र्याला पडलेली भोकं आणि कापलेला बंपर काही भरून येत नाही, म्हणून राहून गेलं.

त्या पहिल्या मोकळ्या रविवारी मी सकाळीच गाडी काढली. आत्याबाईंनी दारातून विचारलं, "कुठं चालली?" मी म्हटलं, "अशीच." खरांगण्याच्या रस्त्याला लागले. ऊन कोवळं होतं, सागाची पानं वाळून रस्त्यावर पडलेली. चढ लागला, मी गिअर खाली घेतला, आणि सवयीनं शेजारच्या सीटवरच्या मोबाइलकडं पाहिलं. रेंज नव्हती. थोडं आणखी पुढं गेले. अजूनही नव्हती. तिकडं बाजारात काही झालं आणि फोन आला तर? टेम्पोवाला चांगला आहे, त्याला सगळं सांगितलेलं आहे, हे मी स्वतःला सांगून पाहिलं. वळणावर जागा दिसली तिथं गाडी फिरवली. रेंज आली त्या ठिकाणी, रस्त्याच्या कडेला, एका झाडाखाली थांबले. कुणाचाही फोन आलेला नव्हता. तिथंच बराच वेळ बसून राहिले. मग घरी आले.

संध्याकाळी हे परतले ते बोलतच आत आले. करडईचं तेल सगळं संपलं होतं. एका म्हाताऱ्यानं घाण्याचं लाकूड कुठलं म्हणून वाद घातला होता. टेम्पोवाला मध्येच झोपला तर ह्यांनीच त्याला उठवलं होतं. मी भाकरी टाकत होते. हे पाट ओढून बसले आणि पहिल्यापासून सगळं सांगायला लागले, आणि मी ऐकत राहिले.